सगळ्यात धाकटे आता पासष्टीचे

(पहाट. नदीवर धुकं. लांबून रेल्वेचा भोंगा.)

कॅम्पियन म्हटलं की मुंबईकराला कुपरेजची शाळा आठवते. ही त्याच नावाची दुसरी. अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, मिसिसिपीच्या काठावरच्या प्रेअरी डू शीन या छोट्या गावात होती. होती म्हणजे 1975 पर्यंत.

नाव ज्याच्यावरून पडलं तो एडमंड कॅम्पियन हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातला धर्मगुरू. 1581 साली लंडनमध्ये त्याला देहदंड झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी त्याच संघाचा दुसरा इंग्रज गोव्यात उतरला होता, फादर थॉमस स्टीफन्स. मराठीत ओव्या रचणारे ते हेच. एकाच पिढीतले, एकाच संघातले दोघे. एक आपल्या भाषेचा होऊन गेला आणि दुसऱ्याचं नाव इथे, मक्याच्या शेतांपलीकडे, एका शाळेच्या दारावर लागलं. हे कळलं तेव्हापासून ही शाळा मला परकी वाटत नाही.

1872 मध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीनं जेझुइटांवर बंदी घातली. तिथून बाहेर पडावं लागलेल्या संघातल्या फादरांनी 1880 मध्ये इथे शाळा काढली. कॅम्पियन हे नाव 1913 चं. फक्त मुलांची, राहून शिकायची शाळा. ‘मुलगा कॅम्पियनकडे द्या, माणूस परत न्या,’ असं तिचं ब्रीद आईवडिलांना सांगितलं जाई. पुढे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झालेले व्हिसेंते फॉक्स इथे राहून गेले. 1978 मध्ये गयानात गोळीबारात मारले गेलेले अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन इथलेच.

(शिकागोचं उपनगर. अंगण. एक वयस्कर हात कापडाची पट्टी उलगडतोय.)

हे आमचे शेजारी. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते. 1974 च्या पावसाळी सप्टेंबरात ते नववीत कॅम्पियनला दाखल झाले. ही पट्टी त्यांच्या टॉवेलवरची. धोब्याकडे कपडे जायचे, म्हणून प्रत्येक कपड्यावर मुलाचा नंबर हवा. आईनं रात्री बसून सगळ्या सदऱ्यांना, मोज्यांनासुद्धा, अशा पट्ट्या शिवल्या. टॉवेल केव्हाच विरला. शाई फिकी झालीय, पण आईचे टाके अजून घट्ट आहेत.

वसतिगृहातली पहिली रात्र त्यांनी उशीत तोंड खुपसून काढली. शेजारच्या खाटेवरचा मुलगाही तेच करत होता. तो आवाज ऐकला आणि धीर आला, असं ते सांगतात. त्या मुलाशी जी मैत्री झाली, ती तशीच टिकली.

पुढच्या उन्हाळ्यात शाळा बंद झाली. मुलं कमी झाली होती, संघात येणारे तरुण कमी झाले होते आणि खर्च झेपत नव्हता. बारावीची तुकडी निदान दाखला घेऊन गेली. नववीच्या मुलांना मात्र उरलेली तीन वर्षं कुठे कुठे काढावी लागली. त्यांच्या दाखल्यावर दुसऱ्याच शाळेचं नाव आहे.

तरीही पन्नास वर्षांनी, 2025 च्या उन्हाळ्यात, ते गाडी काढून निघाले. ‘एकच तर वर्ष होतात तुम्ही तिथे,’ मी म्हणालो.

‘हो ना,’ ते म्हणाले, ‘पण चौदाव्या वर्षीचं एक वर्ष.’

(गाव. रस्ता. उंच कुंपण दुरून.)

शाळेनंतर काही वर्षं इथे लुथरन पंथाची शाळा चालली. आता विस्कॉन्सिन राज्याचा तुरुंग आहे. कुंपणाआड माणसं शिक्षा भोगताहेत, म्हणून आम्ही कॅमेरा तिकडे वळवला नाही. शाळेचा हॉफमन हॉल मात्र गावाकडे आहे. आता तिथे गावातली मुलं खेळतात.

आपल्याकडे मेळावा म्हटला की जुना वर्ग, जुना बाक, एखादे थकलेले सर आणि गेटपाशी टकमक बघणारी नवी पोरं. यातलं इथे काहीच नाही. यांच्या मागून कुणी आलंच नाही. कॅम्पियनचे सगळ्यात धाकटे विद्यार्थी हेच, आज पासष्टीचे. सातजण आले. एकानं काठी आणलीय. एकमेकांना ते अजून आडनावानंच हाक मारतात.

फोटो कुठे काढायचा, यावर बराच वेळ गेला. शेवटी सगळे नदीकाठी आले. जोलिए आणि फादर मार्केट हे दोघे फ्रेंच प्रवासी 17 जून 1673 ला विस्कॉन्सिन नदीतून जिथे मिसिसिपीत शिरले, तो संगम इथून जवळच आहे. शाळेचे फादर मुलांना हे सांगायचे. तारीख सातहीजणांना पाठ होती.

उभं कसं राहायचं, हे कुणी ठरवलं नाही. आपसूक वसतिगृहातल्या खाटांच्या क्रमानं उभे राहिले. आमच्या शेजाऱ्यांच्या डाव्या हाताला एक जागा मोकळी राहिली. पहिल्या रात्री रडणारा तो मुलगा गेल्या हिवाळ्यात गेला.

मी कॅमेरा धरला, तेवढ्यात काठीवाल्यांनी त्याच्या कपड्यांवरचा नंबर मोठ्यानं म्हटला. बाकीच्यांनाही तो आठवत होता.