आरशाची पाठ

मंडळी, आरशाची पाठ आपण कधी बघतो? पारा उडालाय का हे तपासायला, किंवा घर बदलताना. एरवी तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण चीनचे जुने आरसे संग्रहालयात पालथेच मांडलेले असतात. काशाची गोल चकती, मधोमध दोरा ओवायला घुंडी, भोवती ढग, ड्रॅगन, दिशांचे रक्षक प्राणी आणि अक्षरं. सगळं कसब त्या पाठीवर. आन्यांगला १९७६ साली फू हाओ राणीची कबर सापडली, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची. तिच्यातही असे चार आरसे निघाले.

शांघायच्या संग्रहालयात हान राजवटीच्या काळातला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, एक आरसा आहे. त्याच्या गुळगुळीत बाजूवर ऊन घेतलं आणि कवडसा भिंतीवर पाडला, की त्या कवडशात पाठीवरची नक्षी आणि अक्षरं उमटतात! धातूच्या आरपार उजेड गेल्यासारखी. खरं तर नक्षीमुळे चकतीची जाडी कमीजास्त असते, म्हणून समोरच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे चढउतार राहतात आणि ते कवडशात प्रकट होतात. अकराव्या शतकात शन क्वोसारख्या विद्वानानं यावर डोकं चालवलं होतं. पाठीवरच्या अक्षरांचा अर्थ असा: ‘सूर्याचा प्रकाश दिसताच जग लख्ख उजळतं.’

इथे मला एक शब्द सांगायचा आहे, ‘चाओ’. चिनी भाषेत त्याचा अर्थ उजेड टाकणं, आणि आरशात बघणं हाही. म्हणजे आरसा हा जवळजवळ दिवाच. तो दुसऱ्यावर धरायचा. चौथ्या शतकातला ताओपंथी लेखक को हुंग लिहितो, की डोंगरात जाणारे साधक पाठीवर नऊ इंची आरसा बांधून जात. जुनाट भूतपिशाच्च माणसाचं रूप घेऊ शकतं, पण आरशात त्याचं खरं रूप लपत नाही. न्यायाधिकाऱ्याच्या आसनावर पाटी असे, ‘स्वच्छ आरसा उंच टांगला आहे.’ तो आरसा फिर्यादी-आरोपींसाठी, आणि माझ्या मते त्याहून जास्त खुद्द त्या अधिकाऱ्यासाठी. वेई चंग हा तोंडावर चुका दाखवणारा मंत्री ६४३ साली वारला, तेव्हा सम्राट थाय्‌त्सुंग म्हणाला, की काशाच्या आरशात पोशाख नीट करता येतो, इतिहासाच्या आरशात राज्यांचा उदयास्त दिसतो, माणसाच्या आरशात आपलं बरंवाईट कळतं. माझा एक आरसा गेला. पुढे १०८४ मध्ये स-मा क्वांग यांनी १,३६२ वर्षांचा इतिहास २९४ खंडांत सिद्ध केला, त्याच्या नावातही ‘आरसा’ आहे.

जाता जाता, आपला ‘आरसा’ आला तो संस्कृत ‘आदर्श’ वरून. बौद्धांचं ‘आदर्शज्ञान’ चिनी भाषेत गेलं ते ‘महान गोल आरशाचं ज्ञान’ होऊन.

युरोपातही आरसा आधी धातूचाच होता, आणि अंधुक. ग्रीसमधल्या करिंथकरांना लिहिताना ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल म्हणतो, आता आरशात पुसट दिसतं, मग समोरासमोर दिसेल. करिंथ तर काशाच्या कामासाठी प्रसिद्ध! तिथला आरसा माणसाच्या अपुऱ्या ज्ञानाची खूण होता. व्हान आयक या चित्रकाराच्या १४३४ च्या चित्रात नवराबायकोच्या मागे फुगीर आरसा आहे. त्याच्या चौकटीत ख्रिस्ताच्या यातनांचे दहा छोटे प्रसंग आहेत आणि काचेत दारातून आलेली दोन माणसं. श्रद्धा चौकटीवर सरकली आहे आणि मधल्या काचेत घरात येणारीजाणारी माणसं आली आहेत. नंतर व्हेनिसनं कथील आणि पारा वापरून सपाट, स्वच्छ आरसे केले, फ्रान्सनं ती विद्या आपल्याकडे ओढली, आणि व्हर्सायच्या राजवाड्यातल्या दालनात ३५७ आरसे लागले. राजवैभव दुप्पट दिसू लागलं. काच जसजशी स्वच्छ होत गेली, तसतसा युरोपातला आरसा देवाकडून माणसाच्या चेहऱ्याकडे वळला, असं मला वाटतं.

हे दोन्ही आरसे एकाच पुस्तकात भेटतात, म्हणून ‘लाल महालातलं स्वप्न’ ही त्साओ श्वेचिन यांची अठराव्या शतकातली कादंबरी मला फार मोलाची वाटते. तिच्यातला ‘ज्या रुई’ नावाचा तरुण वासनेनं झुरून अंथरुणाला खिळतो. एक लंगडा साधू त्याला दुहेरी आरसा देतो आणि बजावतो: फक्त पाठ बघ. पाठीकडून सांगाडा दिसतो. समोरून त्याची प्रिया खुणावते. तो समोरच बघत राहतो, पुन्हा पुन्हा आरशाच्या आत जातो, आणि मरतो. घरचे आरसा जाळायला निघतात, तर आरसा रडतो: समोर बघायला कुणी सांगितलं होतं? खोट्याला खरं तुम्हीच मानलंत, मग मला का जाळता?

आणि दुसरीकडे, त्याच कादंबरीत, खेड्यातली ल्यू आजी. जेवणावळीत दारू चढलेली, वाट चुकून कादंबरीच्या नायकाच्या, पाओयूच्या, दालनात शिरते. समोर एक म्हातारी, डोक्यात फुलंच फुलं माळलेली. आजीला वाटतं, ही आपली विहीणबाई! ती तिची थट्टा करते. म्हातारी नुसती हसते. आजी हात लावते, तो गार काच. श्रीमंतांकडे माणसाएवढे आरसे असतात हे तिला आठवतं. ती चाचपडत राहते, कुठली तरी कळ दाबली जाते, आरसा बाजूला सरकतो आणि मागे दार निघतं. आजी आत जाते आणि समोरच्या मऊ बिछान्यावर गाढ झोपते.