अकरा माणसं, दोन पास

(लातुरात अभियंत्यांच्या एका संस्थेच्या नव्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, यंदापासून पुरस्कार सोहळा तुम्ही बघणार. मी बरीच वर्षं तो पडद्यामागून पाहिला, स्टेजच्या डाव्या विंगेत उभं राहून. तिथून जे दिसलं ते सांगतो.

सुरुवात तारखेपासून करू, कारण आपल्याकडे निम्मं भांडण तारखेशीच असतं. १५ सप्टेंबर हा अभियंता दिन. १८६१ साली याच दिवशी विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. दिवस मानाचा, पण मराठवाड्यात तो ऐन धावपळीत येतो. गणपती बहुतेक वर्षी त्याच्या मागंपुढं असतात. साउंडवाला, मांडववाला, जनरेटरवाला, तिघांनाही मंडळांनी आधीच धरून ठेवलेलं असतं. त्यातच महालक्ष्म्या. घरी महालक्ष्म्या जेवायला बसल्या असताना परभणीहून कुणी सहकुटुंब लातूरला येईल, ही अपेक्षाच धरू नका. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली, त्यामुळे मंत्री आणि मोठे अधिकारी ध्वजारोहणाच्या तयारीत असतात. आदल्या दिवशीही त्यांना धरू नका. पुढं पितृपंधरवडा लागला की सभागृह सहज मिळतं, आचारी मोकळे असतात. पण एखादे ज्येष्ठ अभियंते हळूच विचारतात, “पितरांच्या दिवसांत शाल घेऊ का हो?” त्यांच्याशी वाद घालू नका. तारीखच बदला.

यावर उपाय एकच. पाडव्याला साउंडवाल्याचा इसार द्यायचा. सभागृहाचं पत्र नंतर घेतलं तरी चालतं. भाषण ऐकूच आलं नाही, तर सभागृह कितीही चांगलं असून काय उपयोग?

कुणी म्हणेल, मग उन्हाळ्यातच घेऊ. बंदिस्त सभागृहात, संध्याकाळी, खुशाल घ्या. उघड्या मैदानावर मात्र कधीच नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यासाठी आलेली माणसं उष्माघातानं दगावली. सन्मानाला आलेल्या माणसाला सावली आणि पाणी देणं हे आयोजकाचं पहिलं काम. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता निवडीबद्दल. अर्ज येतात, पण जी खरी माणसं असतात ती अर्ज भरत नाहीत. साइटवर जा, कंत्राटदाराला विचारा, उपअभियंत्याला विचारा, गावातल्या चहाच्या टपरीवर विचारा की हा बंधारा कुणी नीट बांधला. परीक्षकांपैकी कुणाचा अर्जदाराशी व्यवहार असेल, तर त्या विभागाची चर्चा होईपर्यंत त्यानं बाहेर बसायचं. हा नियम लेखी ठेवा. तोंडी नियम मैत्रीत विरघळतो.

गुप्ततेचंही तसंच. ऑस्करचे निकाल पूर्वी वर्तमानपत्रांना आधी कळवत, रात्री अकराच्या आत छापायचे नाहीत या अटीवर. १९४० साली एका वर्तमानपत्रानं सोहळ्याआधीच ते छापून टाकले, आणि पुढच्या वर्षीपासून बंद पाकिटं आली. आपल्याकडं निकाल फुटतो तो ट्रॉफीवर नाव कोरणाऱ्याच्या दुकानात. पाच जण ट्रॉफ्या करायला येणार, त्यातला एक कुणाचा तरी साडू निघणार. म्हणून नावाची पट्टी वेगळी करून घ्या आणि आदल्या रात्री आपल्या हातानं चिकटवा.

टेबलावरच्या मांडणीचं सांगतो. २०१७ च्या ऑस्करमध्ये प्रत्येक पाकिटाच्या दोन प्रती होत्या, स्टेजच्या दोन्ही बाजूंना एकेक. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं दुसरं, न वापरलेलं पाकीट सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करणाऱ्यांच्या हाती गेलं आणि भलत्याच चित्रपटाचं नाव पुकारलं गेलं. लोक स्टेजवर येऊन आभार मानू लागले, तेव्हा चूक उघडी पडली. जगातल्या सगळ्यात अनुभवी मंडळींच्या हातून हे झालं. म्हणून आपल्या टेबलावर एका वेळी एकच संच असावा: मानपत्र, ट्रॉफी, शाल, श्रीफळ. तो उचलला की मगच दुसरा ठेवायचा. टेबलावरच्या माणसानं दुसरं कुठलंही काम करायचं नाही, मोबाइलसुद्धा बघायचा नाही.

समईच्या वाती दुपारीच तेलात भिजवून ठेवा आणि दीपप्रज्वलन होईपर्यंत स्टेजवरचे पंखे बंद ठेवा. कॉर्डलेस माइकचे सेल नवेच घाला. जेवणाचं फारसं सांगत नाही, आपल्या लोकांना ते चांगलं जमतं. पत्रावळींची आपली पद्धत मात्र मोडू नका. ती २०१६ पासूनची आहे. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आणि त्याच उन्हाळ्यात सोहळ्याची बैठक बसली तेव्हा ताटं धुवायला पाणी कुठून आणायचं, यावर कुणाकडंही उत्तर नव्हतं.

आता जे सांगण्यासाठी मी आलो, ते.

एका वर्षी आम्ही अभियंत्यांच्या बरोबरीनं एका गवंड्याचा सन्मान करायचं ठरवलं. औसा तालुक्यातले, साठी ओलांडलेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, आणि त्या पुनर्वसनात या माणसानं वर्षानुवर्षं काम केलं. पूर्वीची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड धाबं. हादऱ्यात तीच अंगावर कोसळली. नव्या घरात खिडकीच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींना कवळणारा काँक्रीटचा पट्टा घालायचा असतो, म्हणजे भिंती सुट्या होऊन पडत नाहीत. हा पट्टा कोपऱ्यावर तुटता कामा नये, सळई वळवून पुढं न्यायची, हे त्यांनी शेकडो तरुण गवंड्यांना हात धरून शिकवलं. आमच्यातल्या कित्येक अभियंत्यांनाही ते त्यांच्याकडूनच नीट कळलं.

निमंत्रणासोबत दोन पास, हा आमचा नियम होता. तो मीच केला होता. त्या संध्याकाळी ते टेम्पो करून आले, घरची अकरा माणसं घेऊन. दारावरच्या पोरानं नियमाप्रमाणं दोघांना आत सोडलं. ते आणि त्यांचा थोरला मुलगा आत आले. बायको, सुना, नातवंडं फाटकाशीच उभी राहिली. मला हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी पाहुण्यांच्या गाडीच्या मागं होतो.

त्यातच कार्यक्रम लांबला. पहिला ऑस्कर सोहळा १९२९ साली जवळपास पंधरा मिनिटांत उरकला होता. विजेते तीन महिने आधीच जाहीर झाले होते, म्हणून पुरस्कार द्यायचे एवढंच काम उरलं होतं. आमच्याकडं त्या दिवशी नुसती भाषणंच दोन तास चालली. गवंडीकाकांचं नाव पुकारलं तेव्हा सूत्रसंचालकाला घाई झाली होती. मानपत्रातल्या चारच ओळी वाचल्या, आणि आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला. काका शाल पांघरून माइकपाशी आले. सभागृहात या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणाला तरी शोधत राहिले. मग हात जोडले आणि काही न बोलता उतरले. मला वाटलं, माणूस बुजरा आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेलो. तिथं बायकोच्या खांद्यावर ती शाल होती. एक नातू ट्रॉफी घेऊन दिव्याखाली बसला होता आणि अक्षरं जुळवून नाव वाचत होता, बरोबर ‘ळ’ म्हणत. काका मला म्हणाले, “साहेब, ही आत असती तर मी दोन शब्द बोललो असतो.”

त्या रात्री मी नियमाची वही काढली आणि पासाचं पान फाडलं. तेव्हापासून आपण प्रत्येक मानकऱ्याला तीन फोन करतो. पहिल्या फोनवर विचारतो, तुमच्या घरचे किती जण येणार. दुसऱ्यावर त्यांच्याच तोंडून नाव आणि गाव ऐकून घेतो, आणि सूत्रसंचालकाला तेच रेकॉर्डिंग ऐकवतो. तिसऱ्यावर मानपत्र पूर्ण वाचून दाखवतो, काही चुकलं असेल तर ते सांगतात. सभागृहाची पहिली रांग पाहुण्यांची आणि दुसरी, तिसरी, चौथी मानकऱ्यांच्या घरच्यांची. छायाचित्रकारांनी त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, बाजूनं फोटो काढायचे. प्रत्येक मानकऱ्याला माइकवर पूर्ण दोन मिनिटं. ती वेळ उरत नसेल, तर अध्यक्षांचं भाषण कापा. अध्यक्ष रागावतात, पुढच्या आठवड्यात निवळतात.

यंदाचा पहिला फोन मी कालच करून टाकला, तुम्हाला नमुना म्हणून. गंगाखेडच्या बाई आहेत, पाणीपुरवठ्यात काम करतात. त्यांच्याकडून नऊ जण येणार आहेत. दुसऱ्या रांगेत डावीकडच्या कडेच्या खुर्च्या धरा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना पायऱ्या चढाव्या लागू नयेत.