मे महिन्यातली पिशवी

(सोलापुरातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत रक्तकेंद्रातल्या डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

माझ्या मागं ‘रक्तदान हेच जीवनदान’ असा फलक लावलाय. तेव्हा ते वाक्य माझं म्हणून झालं असं धरा. रक्तदान चांगलं असतं हे सोलापूरकरांना पटवायला मला बोलावलं असेल तर संयोजकांचा हार फुकट गेला, कारण ते तुम्हाला केव्हाच पटलंय. या गावात मांडव टाकला आणि रक्त द्यायला माणूस आला नाही, असं मी फार कमी वेळा पाहिलंय. माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही सगळे एकाच दिवशी येता.

आपलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. १२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांना अभिवादन, लगेच सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. १९ फेब्रुवारीला शिवजयंती. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, तिच्या मागोमाग बसवेश्वरांची. अधेमधे पुढाऱ्यांचे वाढदिवस, त्यांची यादी वाचत बसलो तर तुमची शेवटची बस चुकेल. प्रत्येक ठिकाणी शिबिर, प्रत्येक ठिकाणी रांग. आणि मग मे उजाडतो. ऊन बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, कॉलेजं बंद, पोरं गावाकडं, उरलेली माणसं लग्नाच्या पंगतीत. बाळंतपणं मात्र मे महिना बघून थांबत नाहीत. हायवेवरचे अपघात थांबत नाहीत. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलमधले पेशंट उन्हाळ्याची सुट्टी घेत नाहीत.

तुम्हाला हे समजावणं सोपं जातं, कारण तुम्ही सोलापूरचे आहात. तिकडं उजनी धरण भरलेलं असतं आणि इकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आलं की घरातलं पिंप, हंडा, पातेलं सगळं भरायचं आणि नंतर नळाकडं बघत बसायचं. महापालिकेला आपण काय म्हणतो? थोडं द्या, पण रोज द्या. माझंही तुमच्याकडं तेवढंच मागणं आहे. फरक इतकाच की पिंपातलं पाणी पाचव्या दिवशी निदान भांडी घासायला तरी चालतं.

तुम्ही दिलेल्या एका पिशवीचं आम्ही काय करतो ते सांगतो. ती जशीच्या तशी आता क्वचितच कुणाला चढवली जाते. काही तासांच्या आत ती मोठ्या यंत्रात वेगानं फिरवून तिचे भाग वेगळे करतात. लाल पेशी २ ते ६ अंश तापमानात, पिशवीतल्या टिकवणाऱ्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात. वरचा पिवळसर प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर राहतो. आणि प्लेटलेट्स, म्हणजे डेंग्यूत ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून घरचे घाबरतात त्या, फ्रीजमध्ये ठेवता येत नाहीत. त्यांना २० ते २४ अंश लागतात, ट्रेवर सतत हलतं ठेवावं लागतं, आणि एवढं करून त्यांचं आयुष्य पाच दिवसांचं. १९ फेब्रुवारीच्या प्लेटलेट्स महिनाअखेरीला कुणाच्याच कामाच्या नसतात. १४ एप्रिलच्या लाल पेशी फार तर मे अखेरपर्यंत ओढता येतात, तेही कपाटात शिल्लक राहिल्या तर. रक्त कारखान्यात बनत नाही आणि साठवून ठेवायलाही मर्यादा आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की एका दिवशी पाचशे पिशव्यांचा विक्रम करण्यात काय अडचण आहे ते कळतं. पेपरात फोटो झकास येतो, आमच्या कपाटाची मात्र पंचाईत होते.

रक्त आधी घेऊन ठेवायचं, गरज नंतर येणार, हा विचार तसा जुना नाही. कार्ल लँडस्टायनरनं १९०१ मध्ये रक्तगट मांडले, त्याला १९३० चं नोबेल मिळालं, त्याचा वाढदिवस १४ जून म्हणजे जागतिक रक्तदाता दिन. पण साठवलेलं रक्त थेट युद्धाच्या आघाडीपर्यंत न्यायची फिरती सेवा नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या सर्जननं १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात उभी केली. माद्रिदमधली साधी माणसं रक्त देत आणि ते बाटल्यांतून जखमींकडं जाई. देणाऱ्याला माहीत नसे की ते कुणाला जाणार, कारण जो जखमी होणार तो तेव्हा धडधाकट असे. बेथ्यून पुढं चीनमध्ये गेला आणि १९३९ मध्ये तिथंच वारला. त्याच्या नावाचं हॉस्पिटल नंतर कुणी चालवलं? आपल्या सोलापूरच्या पोरानं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०. काँग्रेसनं १९३८ मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच वारले. त्यांच्या स्मारकासमोरून आपण रोज गाडी नेतो. तिथं कुणी ऐन मे महिन्यात शिबिर लावलं तर मी सुट्टी काढून येईन.

आता प्रत्यक्ष टेबलापाशी येऊ, कारण तिथं गंमत आहे. तुम्ही फॉर्म भरता, वजन होतं, बीपी होतं, मग बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. ते पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण, ठरावीक घनतेचं. थेंब पंधरा सेकंदांत सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, पास. मधेच रेंगाळला किंवा वर आला तर नापास. काही ठिकाणी आता छोटं यंत्र असतं, पण मला अजून तो थेंबच आवडतो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निकाल लागतो.

आणि त्या निळ्या पाण्यापाशी आमच्या बायका परत फिरतात. पूर्व भागात शिबिर असलं की विडी वळणाऱ्या बायका उत्साहानं येतात, पदर खोचून रांगेत उभ्या राहतात आणि त्यांचा थेंब तरंगतो. तोंड असं पडतं, जणू परीक्षेत नापास झाल्या. एक मावशी मला म्हणाल्या, “काय ओ डॉक्टर, चार लेकरं काढली या अंगातून, आन् तुमाला देण्याइतकं रगत नाय म्हंता?” मी काय बोलणार? त्यांना लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी दिली. मला विचाराल तर शिबिराचं त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम तेच होतं. शेंगाची चटणी, बाजरीची भाकरी, पालेभाजी हे चांगलंच आहे, पण जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, त्यानं लोह अंगी लागत नाही. सोलापुरात हे सांगणं म्हणजे पाप आहे, तरी सांगतो. एवढं करूनही कमीच आलं तर नुसत्या खाण्यावर विसंबू नका, तपासून औषध घ्या.

पुरुषांची वेगळी तऱ्हा. रात्रपाळी करून, यंत्रमाग बंद झाल्यावर सकाळी तसेच रांगेत येतात. डोळे लाल, पोटात फक्त चहा. अशांना मी घरी पाठवतो. झोप झालेली हवी, चार तासांच्या आत काहीतरी खाल्लेलं हवं, आदल्या दिवशीची दारू नको. एकादशी, श्रावणी सोमवार, रोजा, उपवास कुठलाही असो, त्या दिवशी नको. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. ४५ ला ३५० मिली घेतात, ५५ च्या वर असलात तर ४५० मिली घेता येतं. अंगात साधारण पाच लिटर असतं, त्यातलं हे. पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात, म्हणून पुरुषांनी ९० दिवसांनी आणि बायकांनी १२० दिवसांनी पुन्हा यायचं. सुई आत असते तो वेळ पाच ते दहा मिनिटांचा. नंतर पंधरा मिनिटं बसा, बिस्कीट खा, आणि फोटो काढायला ताडकन उठू नका. चक्कर येऊन पडलेले बहुतेक जण फोटोसाठी उठलेले असतात.

फॉर्मवरचे प्रश्न वाचून माणसं चिडतात. कावीळ झाली होती का, गोंदवलंय का, अमुक संबंध आले का. तुमच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होतेच. पण संसर्ग नुकताच झालेला असेल तर तपासणीत तो काही दिवस दिसत नाही. त्या दिवसांत पेशंटला वाचवतं ते फक्त तुमचं खरं उत्तर. मित्रांसमोर लाज वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, तुमची पिशवी गुपचूप बाजूला काढता येते.

घरच्यांबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. “आमचंच रक्त आमच्या माणसाला द्या, बाहेरचं नको.” सख्ख्या नात्यातलं रक्त तसंच चढवलं तर देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीरावर उलटू शकतात. हे क्वचित होतं, पण झालं तर जीवावर बेततं. म्हणून तसं रक्त द्यावंच लागलं तर आधी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. भावासाठी रक्त द्यायचं असेल तर जरूर द्या, ते दुसऱ्या कुणाला जाईल आणि दुसऱ्या कुणाचं भावाला येईल.

एका हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रात्री दोन वाजता मी एका माणसाला पाहिलं. बायको आत, आणि हा मोबाइलवर एकेकाला फोन लावतोय, “बी निगेटिव्ह आहे का कुणाचं?” त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आधी माणूस आणा, मग पिशवी. त्या वेळी बायकोजवळ बसायचं की रक्त शोधायचं? पूर्वी अशा व्हरांड्यात रक्त विकणारे घुटमळत असत. सर्वोच्च न्यायालयानं ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला आणि १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. आता रक्ताची किंमत कुणी घेऊ शकत नाही, घेतात ते तपासणी आणि प्रक्रियेचे पैसे, त्यालाही सरकारनं मर्यादा घातलीय. पावती मागा. पण कपाट रिकामं असेल तर कायदा काय करणार? तो माणूस फोनच लावत बसणार.

त्या फोनांवरून आठवलं, व्हॉट्सॲप. ‘तातडीने ओ निगेटिव्ह हवंय’ हा मेसेज दोन-दोन वर्षं फिरतो. पेशंट घरी जाऊन नातवंडं खेळवत असतो आणि त्याच्या लेकाला रोज तीस फोन. पाठवायचाच असेल तर तारीख, हॉस्पिटल आणि नेमकं काय हवंय ते लिहा, आणि काम झालं की ‘मिळालं’ म्हणून पाठवा. त्याआधी ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर बघा, कुठल्या रक्तकेंद्रात कोणत्या गटाचं किती आहे ते तिथं दिसतं, आणि शिबिरंही.

आपल्याकडं निगेटिव्ह गटाची माणसं शंभरात साधारण पाच. तुम्ही त्यांतले असाल तर शिबिरात धावत येऊन रक्त देऊ नका. नाव नोंदवा आणि बोलावलं की या. त्याहून दुर्मीळ म्हणजे बॉम्बे गट. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो १९५२ मध्ये शोधला. साध्या तपासणीत हा माणूस ‘ओ’ वाटतो, पण त्याला ‘ओ’ चढवलं तर घात होतो, त्याला बॉम्बेच लागतं. असा माणूस सापडला की आम्ही त्याचा नंबर जावयासारखा जपतो.

आता मंडळांसाठी. जयंतीला शिबिर घेऊ नका असं मी म्हणत नाही, म्हटलं तर इथून जाऊ देणार नाही तुम्ही. पण दीडशे जणांची यादी झाली तर पन्नास जणांचं त्या दिवशी घ्या. पन्नास जणांना मेची तारीख द्या, पन्नास जणांना दिवाळीनंतरची. मार्कंडेय रथोत्सव असो, गणपती असो, एका गल्लीतल्या तीन मंडळांनी तीन वेगवेगळे आठवडे वाटून घ्यावेत. आणि हेल्मेट, टिफिन, बॅगा वाटणं थांबवा. बॅगेसाठी आलेला माणूस फॉर्मवर खरं लिहील याची मला खात्री वाटत नाही. शिबिर ठरवण्याआधी रक्तकेंद्राला विचारा, तुम्हाला कधी आणि किती हवंय. हा प्रश्न आम्हाला विचारणारं मंडळ भेटलं की आम्ही त्याला चहा पाजतो.

थॅलेसेमिया हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. त्याच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. आई-बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण आजार पुढं देऊ शकणारे, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी पत्रिकेबरोबर वाहक आहोत का ही एक तपासणी केलीत तर आमच्याकडं येणारी मुलं कमी होतील. रक्तदानाचं व्याख्यान देताना हे सांगणं धंद्याच्या विरुद्ध आहे, पण असू द्या.

प्रश्न आलेत, दोन घेतो. साखर आहे, देऊ का? गोळ्यांवर आटोक्यात असेल आणि अलीकडं औषध बदललं नसेल तर डॉक्टर तपासून ठरवतील. इन्सुलिन चालू असेल तर नाही. दुसरा, या काकांचा. वय ६३, कधीच दिलं नाही, आता देऊ का? पहिल्यांदा देणाऱ्याला वयाची मर्यादा ६० आहे काका, त्यामुळं तुमचं रक्त घेणार नाही. पण बाहेर टेबलावर एक वही ठेवलीय, बारा महिन्यांचे बारा रकाने. जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल गच्च भरलेत; मे, जून आणि नोव्हेंबर कोरे आहेत. तुम्ही ती वही घेऊन दाराशी बसा, आणि जो कुणी एप्रिलमध्ये नाव लिहायला लागेल त्याचा हात धरून जूनवर न्या.