रोड बाईकचं पंक्चर: नवी ट्यूब घालण्याआधी कारण शोधा

नमस्कार मंडळी! आज रोड बाईकच्या पंक्चरबद्दल बोलूया, आणि त्यातही दुसऱ्या पंक्चरबद्दल. म्हणजे ट्यूब बदलली, हवा भरली, निघालात आणि दोन किलोमीटरवर चाक परत बसलं. आपण रस्त्याला दोष देतो, ट्यूबला देतो, नशिबाला देतो. पण बहुतेक वेळा पहिल्यांदा जे घुसलं होतं, ते अजून टायरमध्येच असतं. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की भोक कशानं पडलं हे कळेपर्यंत नवी ट्यूब आत जाऊ द्यायची नाही.

चाक काढताना फार काही नाही. मागचं असेल तर चेन आधी सगळ्यात लहान कॉगवर (मागच्या दातेरी चकतीवर) घ्या. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, नाहीतर ब्रेकचे पॅड जवळ येतात आणि रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, परत आत जात नाही. आणि घाट उतरून आला असाल तर रोटरला हात लावू नका, भाजतो.

[टायर कॅमेऱ्याजवळ]

आता इथे बघा. टायरवरचं कंपनीचं नाव बरोबर वॉल्व्हसमोर आहे. टायर बसवताना मी नेहमी असंच बसवतो. कारण ट्यूबमध्ये भोक वॉल्व्हपासून वीतभर अंतरावर सापडलं, तर टायरमध्येही नावापासून वीतभरावरच शोधायचं. ट्यूब काढताना उलटसुलट झाली असेल तर दोन्ही बाजूंना बघा. अख्खा टायर चाचपत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

उरलेली हवा सोडा आणि टायरची कड चाकभर दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. तिथं घेर कमी असल्यामुळे टायरला ढील मिळते, आणि घट्ट टायरही निघतो. टायर उचकटायचे लिव्हर प्लॅस्टिकचेच वापरा. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, रिम आणि ट्यूब दोन्ही जातात. टायर असा सुटा काढता येणं ही सोय जुनी आहे बरं का. 1891 ची पहिली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस सायकल शर्यत शार्ल तेरों जिंकला, तो मिशलँ कंपनीच्या अशाच सुट्या टायरवर. त्याआधी डनलॉपचे टायर रिमला चिकटवलेले असायचे.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती ओठांजवळून फिरवा. हायवेवर फुस्स ऐकू येत नाही, पण ओठांना हवा लागते. जवळ पंक्चरवाला असेल तर त्याच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवा, बुडबुडे दिसतील.

भोक सापडलं की ते नीट वाचा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर आत काही घुसलेलं नाही. हवा कमी होती, चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिममध्ये चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी बघा, सरकून एखादं भोक उघडं पडलंय का. वॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर मिनी पंपाच्या हिसक्यांनी. पंप मारताना वॉल्व्ह आणि पंपाचं तोंड एका हातात घट्ट धरायला हवं.

आणि बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा, काच किंवा तार. यातली तार सगळ्यात त्रासदायक. ट्रकच्या टायरमध्ये पोलादी तारा असतात. टायर फाटला की त्यांचे तुकडे रस्त्यावर पडतात, आणि गाड्यांच्या वाऱ्यानं कडेला जमतात, म्हणजे नेमकं आपण सायकल चालवतो तिथं. ही तार केसाएवढी असते. टायर हातात असताना आतून जेमतेम टोक निघतं, पण तुमचं वजन पडलं की आत टोचते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागली तर रक्त. म्हणून रुमालाचा बोळा करून टायरच्या आतून सावकाश फिरवा. धागा अडकला की तिथंच आहे ती. मी यासाठी छोटा चिमटा जवळ ठेवतो. बाभळीच्या काट्याचंही तेच, बाहेरचा भाग मोडून पडतो आणि टोक आत राहतं. पावसात तर रबर ओलं असतं, त्यामुळे काच आणि तार आणखी सहज घुसते.

टायरलाच मोठी चीर असेल तर ट्यूब त्यातून फुगून बाहेर येईल. एक नोट घडी करून किंवा एनर्जी जेलचं रिकामं पाकीट चिरेवर आतून ठेवा. घरापर्यंत पोचवतं. नंतर टायर बदलाच.

नवी ट्यूब घालताना तिच्यात आकार येण्यापुरती हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही. टायरची कड वॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने चढवायला सुरुवात करा आणि वॉल्व्हपाशी संपवा, शेवटचा भाग अंगठ्यांनी. मग वॉल्व्ह थोडा आत ढकलून सोडा आणि चाकभर कड बाजूला करून ट्यूब कुठं दबली नाही ना ते बघा. ही तपासणी कितीही घाई असली तरी सोडू नका.

पंपाऐवजी 16 ग्रॅमचं सीओटू कार्ट्रिज (कार्बन डायऑक्साइड वायूचं छोटं नळकांडं) वापरलंत तर ग्लोव्ह घालून धरा, ते बर्फासारखं गार पडतं. हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, त्यामुळे घरी पोचल्यावर सोडून द्या आणि पंपाने पुन्हा हवा भरा. 28 मिलिमीटर रुंदीच्या ट्यूबवाल्या टायरला साधारण 70 ते 80 पीएसआय बहुतेकांना पुरते. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची गरज नाही.

आणि प्रेस्टा वॉल्व्हचा, म्हणजे रोड बाईकच्या बारीक वॉल्व्हचा, छोटा पितळी अडॅप्टर बॅगेत असू द्या. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या वॉल्व्हचा असतो, अडॅप्टर लावला की चालतो. फक्त त्याला आधीच सांगा, "दादा, थोडी थोडी भरा", कारण रोड बाईकची ट्यूब लहान असते, दोन सेकंदात भरते.