सांध्यात पू झाला तर आधी नमुना, मग औषध

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघा एका रात्रीत सुजतो, हाताला गरम लागतो, पाय जरा हलवला तरी माणूस कळवळतो. घरात लगेच तेल लावून चोळणं सुरू होतं. कृपा करून चोळू नका. सांध्यात जंतू शिरले असतील, तर हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा काही दिवसांतच खाल्ली जाते, आणि गेलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

तिथे सुईनं सांध्यातलं पाणी काढतात. निरोगी पाणी फिकट पिवळं, नितळ असतं; थेंब सोडला तर त्याची तार येते. पू झाला की ते गढूळ होतं, तार तुटते. एका घन मिलिमीटरमध्ये 50 हजारांवर पांढऱ्या पेशी निघाल्या तर संशय बळावतो, पण कमी निघाल्या म्हणून जंतू नाहीतच असं नाही. गाऊटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून होणाऱ्या सांधेदुखीचे, स्फटिक दिसले तरी कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं, करायचंच. दोन्ही आजार एकत्र असू शकतात.

अँटिबायोटिकचा पहिला डोस शक्यतो नमुना घेतल्यावरच द्यायचा. आधी दिला तर जंतू अर्धमेले होतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र औषध थांबवायचं नाही.

बहुतेक वेळा सापडतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. चार वर्षांखालच्या मुलांत मात्र किंगेला किंगे हा नाजूक जंतू फार चकवतो. मूल लंगडतं, ताप बेताचाच असतो, आणि पू जंतू वाढवायच्या नेहमीच्या प्लेटवर पसरला तर बहुधा तो उगवतच नाही. तेच पाणी रक्ताच्या कल्चरसाठी वापरतात त्या बाटलीत टाकलं की उगवतो, हे इस्रायलमधल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये दाखवून दिलं. बाटलीचं रबरी बूच स्पिरिटनं पुसायचं, सुकू द्यायचं, आणि रुग्णाच्या खाटेपाशीच पाणी आत सोडायचं. पेशी मोजायला जांभळ्या झाकणाची नळी वेगळी. सगळं पाणी एकाच नळीत भरून पाठवणं ही चूक आजही होते, आणि तिची किंमत ते मूल मोजतं. पीसीआरची, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीची, सोय असेल तर थोडं पाणी त्यासाठीही राखून ठेवावं.

दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळलं असेल तर क्षयाचा विचार हवा. त्याचं कल्चर सहा ते आठ आठवडे ठेवावं लागतं. चिठ्ठीवर स्पष्ट मागितलं नाही, तर लॅब ते लावत नाही.