तापलेली हवा, फिरतं तेल

[जळगाव एमआयडीसी. मे महिना, दुपारचे दोन. दालमिलमागची पत्र्याची शेड.]

जळगावात मे महिन्यात पारा 45च्या आसपास फिरतो. पत्र्याखाली तर विचारूच नका. तीच तापलेली हवा ओढून, दाबून हा स्क्रू कॉम्प्रेसर आणखी तापवतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, तसंच. 45 अंशांची हवा एका दमात 7 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) दाबली, तर गणिताने ती 300 अंशांजवळ जायला हवी. बाहेर पडते ती मात्र 85-90 अंशांवर. मधली उष्णता तेलाने उचललेली असते.

[स्क्रूंची आकृती.]

आत दोन स्क्रू एकमेकांत गुंतून फिरतात. एक मोटरवर, दुसरा पहिल्याच्या रेट्याने. दोघांमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून लोखंडाला लोखंड घासत नाही. बेअरिंगला तेच तेल. कडेच्या फटी तेच बुजवतं, नाहीतर दाबलेली हवा मागे निसटेल. पण एवढ्यासाठी थोडंसं तेल पुरलं असतं. आत सोडतात ते त्याच्या कितीतरी पट, निव्वळ उष्णता वाहून न्यायला.

गंमत अशी, की बहुतेक यंत्रांत हे तेल फिरवायला पंपच नसतो. हवा आणि तेल मिळून टाकीत येतात, तेल खाली बसतं आणि टाकीतला दाबच ते कूलर, फिल्टरमधून परत स्क्रूकडे ढकलतो. म्हणून टाकीवरचा व्हॉल्व्ह साधारण 4 बार झाल्याशिवाय हवा मिलकडे सोडत नाही. आधी घरचं तेल, मग गिऱ्हाईक.

उरलेले तुषार सेपरेटर अडवतो. हवा पुढे ड्रायर-फिल्टरमधून कलर सॉर्टरला जाते. कॅमेऱ्याला काळा दाणा दिसला, की हवेची फुंकर त्याला उडवते. तूरडाळीला तेलाचा वास लागून कसं चालेल?

[कूलरची जाळी, जवळून.]

इथली खरी दुखणी या जाळीत. मिलमध्ये डाळीची पूड आणि फोलपटं, जिनिंगमध्ये कापसाचं तूस. तेल नवंकोरं, पातळी बरोबर, तरी दुपारी तापमान 105-110ला जातं आणि मशीन ट्रिप. मग तेल बदलायची घाई! आमचं ऐकाल तर आधी मशीन बंद करून जाळीत वाऱ्याच्या उलट्या दिशेने हवा मारा. तेल मात्र तापून लवकर म्हातारं होतं: दर 10 अंशांना आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब.

[पाऊस. ओला पत्रा.]

म्हणून हवं तितकं थंड करावं, असंही नाही. पावसाळी हवा ओली. तेल फार थंड राहिलं, की हवेतलं पाणी टाकीतच सुटतं, तेल ताकासारखं पांढरं होतं आणि बेअरिंग खातं. त्यामुळे 70 अंशांच्या आसपास पोचेपर्यंत थर्मल व्हॉल्व्ह तेलाला कूलरकडे जाऊच देत नाही.

सकाळी, मशीन चालू करण्याआधी, दाब पूर्ण उतरलेला पाहून ऑपरेटर टाकीखालचा नळ जरासा उघडतो. आधी पाणी ठिबकतं. तेलाची पहिली धार दिसली, की नळ बंद.