काय ऐकलंस ते सांग

नमस्कार श्रोतेहो. संवादाचे प्रकार किती, असं कॉलेजातल्या मुलांना विचारलं तर ती भराभर सांगतील: बोलणं, लिहिणं, हावभाव, ऐकणं. मला आज शेवटच्या प्रकाराबद्दल बोलायचंय. ऐकण्याबद्दल. बोलायला शिकवणारे क्लास ठाण्यात गल्लोगल्ली आहेत, ऐकायला शिकवणारा एकही माझ्या पाहण्यात नाही.

हावभावांचं महत्त्व आहेच. आईने भांडं जरा जोरात ठेवलं की घरातल्या सगळ्यांना कळतं. पण बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, असं ट्रेनिंगमध्ये छातीठोकपणे सांगतात ते मला पटत नाही. हा आकडा ज्यांतून आला, ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 मधले प्रयोग आवडनिवड आणि भावना यांच्यापुरतेच होते, आणि हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलंय. फोनवर कुणी पत्ता सांगतं, तेव्हा सगळा भार शब्दांवरच असतो ना?

आता आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीची गोष्ट सांगतो. शुक्रवारी महापालिकेचं शटडाऊन होतं, चोवीस तास पाणी बंद. शनिवारी वरची टाकी धुवायची होती. सेक्रेटरी गुरुवारी सकाळी घाईत स्टेशनला निघाले होते. रिक्षात बसता बसता त्यांनी वॉचमनला सांगितलं, ‘शनिवारी टाकी साफ करायचीय, त्याआधी रिकामी करून ठेव.’ वॉचमन नवा, मुरबाडकडचा, कामाला चोख. तो म्हणाला, ‘हो साहेब.’ आणि गुरुवारी रात्रीच त्याने टाकी रिकामी केली.

शुक्रवारी सकाळी नळाला टिपूस नाही. मुलांच्या शाळा, कुणाची आंघोळ राहिलेली, कुणाच्या घरी पाहुणे. दुपारी टँकर आला, जिन्यात बादल्यांची रांग लागली आणि त्या रांगेतच भांडण पेटलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘मी स्पष्ट सांगितलं होतं.’ वॉचमन म्हणाला, ‘सांगितलं तेच केलं साहेब.’ (शटडाऊनची नोटीस फळ्यावर होती, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. सोसायटीची नोटीस मराठीत आणि ठसठशीत हवी, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय.)

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. आजी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. त्यांनी कुणालाच दोष दिला नाही. वॉचमनला जवळ बोलावून म्हणाल्या, ‘बाळा, साहेब काय म्हणाले? तू ऐकलंस तेवढंच सांग.’ त्याने शब्द न् शब्द सांगितला. मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाल्या, ‘यात शुक्रवार कुठे आहे?’

सेक्रेटरी गप्प झाले. शुक्रवार त्यांच्या मनात होता, तोंडून निघालाच नव्हता.

मग आजींनी ट्रंक कॉलचे, म्हणजे एक्स्चेंजमधून परगावचे फोन जोडून द्यायचे दिवस सांगितले. लोक गडबडीत नंबर सांगायचे. आजी तो एकेक आकडा परत म्हणून दाखवायच्या, आणि पलीकडून ‘बरोबर’ आलं की मगच चिठ्ठीवर उतरवायच्या. ‘नुसत्या हो वर मी कधी कॉल जोडला नाही,’ आजी म्हणाल्या. हे वाक्य मी पुन्हा सांगतो. नुसत्या हो वर मी कधी कॉल जोडला नाही.

पुढच्या शटडाऊनला सेक्रेटरी गेटपाशी थांबले. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘आता तू मला सांग, काय ठरलं?’ वॉचमन म्हणाला, ‘गुरुवारी रात्री दोन्ही टाक्या भरायच्या, शुक्रवारी सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास सोडायचं, शनिवारी पाणी आलं की पंप लावायचा.’ एवढ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

रेल्वेतही हेच चालतं. फाटक सिग्नलला जोडलेलं नसेल, तिथे स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतात तेव्हा नुसतं ‘हो’ चालत नाही. गेटमन फाटक लावून एक गुप्त आकडा सांगतो, आणि तो वहीत लिहिला जातो. विमानातही वैमानिक कंट्रोल टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतो.

आपल्याकडे मात्र व्हॉट्सॲपवर अंगठा आला की काम झालं असं धरून चालतात. अंगठा आला म्हणजे मेसेज दिसला, एवढंच. कळला की नाही, ते विचारल्याशिवाय समजत नाही. विचारायचंही दटावून नाही हं. ‘कळलं का?’ म्हटलं की माणूस मान डोलावतो, लहान मूल असो नाहीतर सासरे. ‘काय ठरलं ते सांगा’ म्हटलं की त्याला आठवून बोलावंच लागतं. पुन्हा सांगतो: ‘कळलं का’ नको, ‘काय ठरलं ते सांगा’ म्हणा.

आणि दवाखान्यात तर आपणच पुढाकार घ्यायचा. डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या की लगेच उठू नका. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, किती दिवस, हे त्यांच्यासमोर आपल्या तोंडाने म्हणून दाखवा. बाहेर पेशंटची रांग असली तरी. नमस्कार.